मोलगीतले १५८ व्होल्ट

मोलगी
९ फेब्रुवारी

आदरणीय चुनीलाल पाटील साहेब,

नमस्कार. सुरुवातीला काय लिहावं यावर दोन कागद फाडले, शेवटी साहेब लिहिलं. पत्राखालचं नाव आधी वाचून कागद चुरगाळला नसेल, तर पुढचं वाचा एवढी विनंती.

मी फत्तेसिंग पावरा. दोन वर्षांपूर्वी तुमच्या मयूरीने नंदुरबारच्या कोर्टात ज्याच्याशी लग्न केलं, तो. तुमच्या घरी माझं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवता. पत्रही मधेच ठेवता येतं, पण ते पुन्हा उचलता येतं, म्हणून पत्र.

माफी मागायला लिहीत नाही. माझ्या बेस गिटारबद्दल विचारायचं आहे. मी इथल्या लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. गाडीवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बेस आणि मोठे स्पीकर, मागे जनरेटर, आणि पुढे तीन-चारशे माणसं हातात हात घालून नाचणारी. त्यांचे पाय बेसवर पडतात. आणि माझा बेस हमिंग करतो. जनरेटर सुरू झाला की घूं असा आवाज लागतो, तो सगळे थांबले तरी थांबत नाही. शिवाय टोन असा दबका की सूर कळतच नाही, नुसता धप्प. आमचे बँडमालक दोधूभाऊ म्हणाले, एप्रिलच्या लग्नांआधी हे नीट झालं नाही तर बेस कीबोर्डवरच वाजवून घेऊ. म्हणजे माझी सुट्टी.

नवे पिकअप आणि आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पचं किट मागवून ठेवलंय. बसवणारा मिळत नाही. दोन दुकानदारांनी सांगितलं, जनरेटरवर हमिंग येणारच. मयूरी मात्र कुठलंही यंत्र उघडलं की म्हणते, अप्पा असते तर आधी मीटर लावला असता. दिवसातून दोनदा तरी म्हणते. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की राग येईल मला माहीत नाही, पण मला आता ते ऐकवत नाही. तिला न सांगता लिहितो आहे.

फत्तेसिंग पावरा


पुरुषोत्तमनगर
२१ फेब्रुवारी

श्री. पावरा यांस,

पत्र मिळालं. यापुढे फक्त साधनाबद्दल लिहावं. इतर मजकूर नको.

तारांखालच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो. कारखान्यात साखरेच्या पॅनला तापमान मोजायला जे थर्मोकपल असतात त्यांचा सिग्नलही मिलिव्होल्टमध्येच. शेजारी दीडशे हॉर्सपॉवरची मोटर फिरत असताना तो स्वच्छ आणण्याचं काम मी एकतीस वर्षं केलं. तेव्हा हमिंग येणारच असं जो म्हणाला त्याला ते काम येत नाही.

कळवा: वाजवताना हात तारांवर असला की हमिंग कमी होतं का? जनरेटरला अर्थिंग आहे, की गाडीच्या चॅसीला वायर गुंडाळून भागवलं आहे? जुना पिकअप एका कॉइलचा की दोन? साधन आधी कुणी उघडलं आहे का, आणि उघडलं असेल तर कुणी?

चु. मो. पाटील
निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक

ता. क. फोन करू नये.


मोलगी
२७ फेब्रुवारी

आदरणीय साहेब,

पंधरा दिवस रोज पोस्टात जाऊन आलो. पोस्टमनने शेवटी विचारलं की नोकरीचं पत्र यायचंय का. मी हो म्हणालो.

तारांवर हात असला की थोडं कमी होतं. चॅसीला वायर गुंडाळली आहे, हे तुम्ही न बघता कसं ओळखलंत? पिकअप दोन आहेत, प्रत्येकी एका कॉइलचे. साधन आधी उघडलेलं आहे. आतलं सगळं सोल्डरिंग मीच केलेलं आहे.

टोन कसा हवा हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण ते साधनाबद्दलच आहे. होळीला आमच्याकडे मोठे ढोल येतात. त्यांचा आवाज कानाआधी छातीत पोचतो. तसा हवा, पण कोणता सूर वाजला तेही कळायला हवं. एवढ्यासाठी मी गेली तीन वर्षं धडपडतो आहे.

आमच्या गाडीचा ड्रायव्हर धीरज शहाद्याला येतोय. त्याच्यासोबत बेस आणि नवे पार्ट पाठवतो. मयूरीला सांगितलंय की शहाद्याच्या दुकानात टाकलाय.

फत्तेसिंग


पुरुषोत्तमनगर
९ मार्च

श्री. पावरा यांस,

साधन उघडलं. आत दोन हातांचं काम आहे.

पहिला हात: टोनच्या नॉबखालच्या पॉटला सीलिंग फॅनचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला आहे. बसत नव्हता म्हणून लाकूड कोरलं आहे. तिथे त्याच्या पन्नासाव्या भागाएवढा कंडेन्सर पुरतो. त्यात पॉट तळाला अडकलेला, त्यामुळे वरचा सगळा आवाज तो कंडेन्सर गिळून टाकतो. धप्प म्हणता तो हा. हे काम तुमचं आहे यावर माझा विश्वास बसतो.

दुसरा हात: बाकीच्या सगळ्या वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधल्या आहेत. बोटभर अंतरावर एकेक गाठ, आणि शेवटची दुहेरी. आता सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या लावतात. ही बांधणी जुन्या कंट्रोल पॅनेलमधली आहे आणि मी ती एकाच व्यक्तीला शिकवली. ती तेव्हा आठवीत होती. तुम्ही खोटं लिहिलंत.

ते सोडून देतो. पण त्याच हाताने व्हॉल्यूमच्या पॉटवर केलेले तीन जोड ड्राय सोल्डर आहेत. राखाडी, दाणेदार, नख लावलं की सुटतात. तो हात असे जोड करत नाही. आठवीतही करत नव्हता. मी चार दिवस ते भिंगाखाली पाहतो आहे. झाकण लावतो आणि पुन्हा काढतो.

कळवा, त्या हाताला काय झालं आहे? थरथरतो का? जेवण वेळेवर असतं का? कुणाच्या धाकाने घाईत काम करावं लागतं का?

हिने गाठी पाहिल्या आणि त्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, ‘तिन्हाच हात शे हाऊ. बरी शे का ती, एवढं तरी इचार.’ म्हणून विचारतो. उलट टपाली लिहा.

चु. मो. पाटील


मोलगी
१६ मार्च

आदरणीय साहेब,

तुमचं पत्र होळीच्या गर्दीत मिळालं. ढोलांच्या आवाजात उभ्याने वाचलं, आणि मग नाचात शिरावंसं वाटलं नाही.

खोटं लिहिलं, चूक झाली. तिचं काम आहे म्हटलं असतं तर तुम्ही बेस परत पाठवला असता, अशी भीती वाटली. कंडेन्सर माझाच. ती घरी नसताना लावला, ढोलासारखा घुमेल म्हणून.

तिचा हात ठणठणीत आहे. थरथरत नाही, आणि तिला धाक घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साहेब, ते जोड व्होल्टेजमुळे तसे झाले. पिठाची गिरणी सुरू झाली की आमच्याकडे बल्ब नुसता लाल दिसतो. सोल्डरिंगचं आयर्न तापतच नाही. ती तेव्हाच म्हणाली होती की हे जोड टिकायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

तुम्ही विचारलं म्हणून सगळंच सांगतो. बाजाराच्या दिवशी ती मोलगीत जीप थांबतात तिथे समोर टेबल लावून बसते. टॉर्च, सोलरचे दिवे, स्पीकर, मोबाईल दुरुस्त करते. डोंगरातून दोन-दोन तास चालत लोक तिच्याकडे येतात. मला त्याचा अभिमान आहे. लपवावं असं मला त्यात काही वाटत नाही.

लग्नं जवळ आली. बेस कधी मिळेल?

फत्तेसिंग


मोलगी
४ एप्रिल

आदरणीय साहेब,

एकोणीस दिवस झाले. काही कळवलं नाहीत. टेबलाचं लिहिलं ते आवडलं नसेल, तर तसं लिहा. बेस तसाच परत पाठवा, काम झालं नसलं तरी चालेल.

सोमवारी पहिलं लग्न झालं. दोधूभाऊंनी बेस कीबोर्डवर वाजवून घेतला. मी गाडीमागे केबल धरून चालत होतो. नाचणाऱ्या एका बाईने विचारलं, आज आवाज असा पोकळ का? बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोधूभाऊ म्हणतात, एकोणीस तारखेला शनिवारी मोठं लग्न आहे, तोवर वाट बघतो.

मयूरी रोज विचारते, कुठल्या दुकानात टाकलाय. मी दर वेळी वेगळं दुकान सांगितलं हे तिच्या लक्षात आलंय. घरात एका जागी बसवत नाही. काहीतरी लिहा.

फत्तेसिंग


पुरुषोत्तमनगर
८ एप्रिल

फत्तेसिंग पावरा यांस,

काम करून साधन धीरजसोबत पाठवतो आहे. उशीर झाला, कारण तुमच्या सांगण्यावर मी भरवसा ठेवला नाही.

मुलगी बाजारात टेबल लावून बसते हे वाचलं आणि आठ दिवस मी साधनाला हात लावला नाही. व्होल्टेजचं कारण तुम्ही रचलं असावं असंही वाटत राहिलं. मग मल्टिमीटर पिशवीत टाकला आणि जीपने आलो. मोलगीच्या चहाच्या दुकानातल्या बोर्डात दुपारी सव्वाबारा वाजता १५८ व्होल्ट होते. गिरणी बंद झाल्यावर १८५. तुम्ही खरं लिहिलं होतं. १५८ वर कुणाच्याही हातून ड्राय सोल्डरच होईल. हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी जोडाकडे पाहत नव्हतो.

त्या दुकानातून तिचं टेबल दिसतं. एका म्हाताऱ्या बाईचा टॉर्च ती उघडत होती. उघडण्याआधी स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेबलावर दोनदा आपटली, तशी मी आपटतो. म्हातारी काहीतरी बोलली आणि ती मोठ्याने हसली. मी दोन वर्षं धरून चाललो होतो की ती हसत नसेल. मधे फक्त रस्ता होता. मी दोनदा उठलो. तीन चहा घेतले. मग शेवटची जीप लागली.

आता कामाचं. आतल्या सगळ्या पोकळीला तांब्याचा पत्रा लावला आहे. सगळी अर्थिंग एकाच बिंदूवर आणली आहे. नवे पिकअप दोन कॉइलचे आहेत, बाहेरचं हमिंग दोन्ही कॉइल मिळून मारतात. पॉट नवे, कंडेन्सर योग्य तो. प्रीॲम्प बसवला आहे, पण त्याला वगळणारा स्विचही ठेवला आहे, म्हणजे लग्नात बॅटरी संपली तरी साधन वाजत राहील. चॅसीची वायर काढा, जनरेटरपाशी जमिनीत सळई ठोकून तिला जोडा.

सोबत माझं पहिलं सोल्डरिंग आयर्न आहे. त्याला वीज लागत नाही. पुढचं तांब्याचं डोकं निखाऱ्यात तापवायचं. ज्याला लागेल त्याने वापरावं. कुणी दिलं हे सांगण्याची गरज नाही.

चुनीलाल

(जावईबापू, यांनी शहाद्याला वायर आणायला जातो सांगितलं होतं. परतले तेव्हा अंगभर घाटाची धूळ आणि गुडघा सुजलेला. विचारलं तर म्हणाले, हसते ती. तेवढंच बोलले. — सरलाबाई)


मोलगी
१२ एप्रिल

आदरणीय साहेब,

काय लिहू? ई तारेवर पहिला सूर काढला आणि दारावरची कडी वाजली. सूर स्वच्छ ऐकू आला आणि छातीतही बसला. तीन वर्षं हेच शोधत होतो. सरलामायच्या ओळी चार वेळा वाचल्या. पत्रं मी बेसच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवतो.

पण एक सांगायला जीभ रेटत नाही. थोडं हमिंग अजून आहे. पूर्वीसारखं नाही, बारीक आहे. आणि विचित्र म्हणजे नॉबला बोट लावलं की थांबतं, तारा धरल्या की थांबत नाही, उलट वाढतं. पूर्वी तारा धरल्यावर कमी व्हायचं. तुमच्या हातून काही राहिलं असेल असं मी म्हणत नाही. इतका प्रवास झाला, गुडघा दुखत होता, एखादी गोष्ट नजरेतून सुटूही शकते. कुणाचीही सुटते. काय करू ते कळवा, मी स्वतः काहीही लावणार नाही.

शनिवार जवळ येतोय. हे पत्र टाकावं की नाही याच विचारात आहे.

तुमचा
फत्तेसिंग


मोलगी
१६ एप्रिल

अप्पा,

फत्तेसिंगचं बारा तारखेचं पत्र सोबत ठेवलं आहे. त्याने ते टाकलंच नव्हतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पिशवीच्या कप्प्यात सापडलं. बाकीची पत्रंही तिथेच होती. सगळी वाचली. तुम्हा दोघांवरही मी रागावले आहे.

तशी पत्रं सापडायच्या आधीच मला कळलं होतं. आयर्न त्याने कोपऱ्यात ठेवलं होतं, भंगारात मिळालं म्हणाला. त्याची मूठ एका बाजूला जळलेली आहे. ती मी जाळली होती, आठवीत, आणि तुम्ही ओरडला नव्हता. भंगारात मिळालं म्हणे.

मग त्याने हमिंगचं सांगितलं. नॉबला बोट लावलं की थांबतं आणि तारांना लावलं की नाही, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजची अर्थिंग तुटलेली. हे तुम्हीच मला शिकवलं होतं, म्हणून झाकण उघडलं. ती वायर तुटलेली नव्हती. टोक सोललेलं होतं, त्यावर सोल्डर चढवलेलं होतं, गोल वळसा देऊन मेणाच्या दोऱ्याने ती बाजूला बांधली होती. शेवटची गाठ दुहेरी. विसरलेली वायर कुणी अशी बांधून ठेवत नाही, अप्पा. एकतीस वर्षांत तुम्ही एकही काम अपुरं सोडलं नाही. हे सोडलंत, कारण पुरं झालं असतं तर आमच्याकडून पुन्हा पत्र आलं नसतं.

फत्तेसिंगला अजूनही वाटतं की तुमचं वय झालं आणि नजर चुकली. मी त्याला सांगितलेलं नाही.

दोन वर्षं मी रोज एकदा तरी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तुम्ही उचलणार नाही याची भीती वाटायची, आणि उचलला तर काय बोलू याची जास्त वाटायची. आणि तुम्ही माझ्या टेबलासमोर बसून तीन चहा घेऊन गेलात. त्या दिवशी मी मान वर केली असती तर? हे मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. त्या म्हातारीचं नाव दगूबाई. तिचा टॉर्च बिघडत नाही, ती गप्पा मारायला आणते.

ती वायर जोडायला मला दोन मिनिटं लागतील. मी जोडणार नाही. शनिवारी लग्न आहे. हमिंग राहिलं तर फत्तेसिंगचं बँडमधलं काम जाईल, तो डोक्याला हात लावून बसलाय, आणि तरी मी जोडणार नाही. ज्याने बांधून ठेवली त्याने सोडवावी.

पोस्टाने वेळ लागेल म्हणून धीरजच्या हाती पाठवते आहे. येताना चहाच्या दुकानात थांबू नका. रस्ता ओलांडा.

मयूरी


(त्याच कागदाच्या पाठीवर)
पुरुषोत्तमनगर
१६ एप्रिल

मयूरी,

धीरज दारात उभा आहे, आत यायला तयार नाही, म्हणून तुझ्याच कागदावर लिहितो.

वायर मी विसरलो नव्हतो.

उद्या पहिल्या गाडीने निघतो. गुडघ्यामुळे घाटात वेळ लागेल. तुझी माय सोबत आहे, तिने पिशव्या भरायला घेतल्या आहेत. जावईबापूंना सांग, बेस शनिवारी वाजेल, आणि तोवर कंडेन्सरला हात लावू नका.

दुपारी चूल पेटती ठेव. आयर्न निखाऱ्यात घालून ठेव, तापायला वेळ लागतो. मी आल्यावर आधी वायर जोडू. मला लगेच काही बोलता येणार नाही.

अप्पा